नमुना परत आला

नारिंगीचं काही वाटलं नव्हतं.
बाराशे टॉवेल, त्यांच्या राजाच्या वाढदिवसाचे,
हप्त्यात उतरले मागावरून.
डाइंगचा इरण्णा एवढंच म्हणाला,
"झेंड्यात ह्यांच्या लाल, पांढरा, निळा.
मग हे नारिंगी कुठनं आणलं बे?"
सीत्स्केबाई हसल्या. राजघराण्याचं नाव ते, म्हणाल्या,
झेंड्यात नसतं, अंगावर असतं.
इरण्णाला पटलं.
त्या दिवसापासून तो त्यांना सीताक्का म्हणू लागला,
त्यांनीही ओ दिली.

अडलं ते पुढच्या तीनशेला.
हे त्यांच्या गावाकडचे, फ्रिसलंडचे.
तिरके पट्टे, चार निळे, तीन पांढरे,
पांढऱ्यावर सात लाल बदाम.
मी बदामच काढले,
लग्नपत्रिकेवर असतात तसे, छाती फुगवलेले.
रात्र जागून जेकार्डची कार्डं पाडली.

"बदाम नाही."
नमुन्याची घडी घालून त्यांनी टेबलावर ठेवली.
"पान आहे. पाण्यातलं. आमच्या कालव्यात असतं."
आणि जाता जाता, चपला घालताना,
"मला हॉलंडची म्हणू नका.
हॉलंड तिकडं, पश्चिमेला.
आमची भाषा वेगळी. आई त्याच भाषेत रागवायची."
मी विचारलं, मग ते नारिंगी?
"तेही माझंच," म्हणाल्या. "मॅच असली की."

मी काय बोलणार.
पुण्यात विचारतात, चिट्याल म्हणजे आंध्रातले का?
सिकंदराबादचा मावसभाऊ दारातूनच ओरडतो,
आला बघा मराठी.
आमच्यात भांडण तेलुगूत, हिशेब मराठीत,
शिव्या कानडीत, त्या इरण्णाच्या.
पंधरा ऑगस्टला कारखान्याच्या गच्चीवर
झेंड्याची दोरी मीच बांधतो.
ओढली की सुटेल, वाऱ्यानं सुटणार नाही
अशी गाठ नानांनी शिकवली होती.
तेलुगूत.

आमच्यात सांगतात, पहिला धागा
कमळाच्या देठातून निघाला.
बाईंना हे सांगणार होतो, सांगितलं नाही.
गोष्ट सांगितली की गिऱ्हाईक भाव पाडतं.

घरी आम्मा सुपासमोर.
कागद धरला तिच्यापुढं. काय दिसतंय?
चष्मा शोधलासुद्धा नाही तिनं.
"आकु."
पान.
चाळीस वर्षं विडीची पानं कापणाऱ्या बाईला
बदाम कुठून दिसणार?

ओल्या फडक्यातलं एक पान उचललं,
कात्री फिरवली.
वरची चीर थोडी आत.
पोट सपाट.
टोक बोथट.
"पाण्यावर पडून राहायचं त्याला,
एवढी छाती कशाला काढंल?"
आणि पुढच्या पानाकडं वळली,
हजारात अजून दोनशे बाकी होत्या.

ते पान ग्राफपेपरवर ठेवून पेन्सिल फिरवली.
कडेनं तंबाखूचा वास येत राहिला,
कार्डं पाडून होईपर्यंत.

दुसरा नमुना पास झाला. उत्तरात एकच शब्द,
त्यांच्या आईच्या भाषेतला असावा.
मोबाइलला त्याचा अर्थ लागला नाही.
मला लागला.

राहिले पहिल्या खेपेचे चाळीस, बदामवाले.
सेकंड म्हणून मंगळवार बाजारात गेले,
साठ रुपयांना एक.
काल विडी घरकुलावरून येताना पाहिलं,
कुणाच्या तरी गच्चीवर,
दोन शेंदरी साड्यांच्या मधे,
चिमट्यात धरलेला सीताक्काचा मुलूख,
चुकीच्या पानांचा,
निथळत होता.
खाली एक पोरगं डोकं ओलं ठेवून
त्याच्या वाळण्याची वाट बघत उभं.